पवारणा : वर्षावासाची सांगता आणि आमचा निरोप

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने म्हणजे वर्षावास, हे आपल्या शाळेत पाचवीत दाखल झालेले मूलही पहिल्याच वर्षी शिकते. या काळात सायंकाळच्या वंदनेनंतर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, पौर्णिमेला खीर असते आणि आश्विन पौर्णिमेला सांगता होते. त्या सांगतेला पवारणा म्हणतात, एवढेही आम्हांला ठाऊक होते. पवारणेत नेमके काय करतात, हे मात्र सहा वर्षे येथे राहूनही आमच्यापैकी कोणी विचारले नव्हते.

स्मरणिकेसाठी दहावीच्या वर्गाने शालेय जीवनाचे सिंहावलोकन करावे असे ठरले, तेव्हा आम्ही नेहमीच्या वाटेने निघालो. शाळेने आम्हांला शिस्त दिली, संस्कार दिले, दुसरे घर दिले, अशा अर्थाचे चौतीस निबंध तयार झाले. मराठीच्या बाईंनी ते सगळे वाचले. त्यांत खोटे काही नाही, पण शाळेचे नाव बदलले तर ते कोणत्याही स्मरणिकेत चालतील, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी विनयपिटकाच्या महावग्गातील पवारणाक्खंधक हे प्रकरण वाचण्याचा अभ्यास दिला. तीन महिने एकत्र राहिलेली माणसे निरोप घेताना मागे वळून कशी पाहतात, ते त्यात सांगितले आहे. आम्ही तर सहा वर्षे एकत्र राहिलो. म्हणून हा लेख आठवणींचा नाही, त्या अभ्यासाचा आहे. आठवण एकच आली आहे, तीही अभ्यासानेच वर काढली म्हणून.

प्रथम आमच्या राहण्याविषयी थोडे. निवासी शाळा म्हटले की डोळ्यांपुढे माळरान, विहीर आणि कौलारू इमारत येते. आमची शाळा पिंपळे सौदागरला आहे असे सांगितले की पाहुणे थबकतात. पवना नदीच्या वळणाला असलेले हे गाव आता उंच इमारतींनी भरून गेले आहे. आमच्या गच्चीवरून पाहिले तर जिकडेतिकडे बाल्कन्या दिसतात, आणि कोकणे चौकातील गर्दी रात्री उशिरापर्यंत ओसरत नाही. जुनी शेतीवाडी आम्ही पाहिलेली नाही, गावातल्या आजोबांकडून ऐकली आहे. त्या इमारतींत आमच्यातील कोणाचे घर नाही. काहींच्या आया मात्र तेथे धुणीभांडी करायला रोज जातात. आमचे वडील भोसरीत, तळवड्यात, चाकणला कंपन्यांत कामाला आहेत, बरेचसे ठेकेदारामार्फत.

या पट्ट्याचा इतिहास आमच्या घरांच्या इतिहासाहून फार वेगळा नाही. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये आला, पुढच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली, १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. त्यानंतर मोटारींचे कारखाने इंद्रायणीपलीकडे चाकणकडे सरकले. आमच्यातील कित्येकांचे आजोबा १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून या बाजूला आले. तिसरी पाळी करून आलेले वडील दिवसा झोपतात. दहा बाय दहाच्या खोलीत मुलाने तेव्हा मोठ्याने पाठांतर करायचे कोठे? या एका प्रश्नासाठी आमच्यातील निम्मी मुले वसतिगृहात आली. प्रश्न जुनाच आहे. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच जानेवारीत सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. शाळा सरकारी असू शकते, पण शाळा सुटल्यावर मुलाने कोठे बसायचे याचे उत्तर त्याच्याच समाजाला शोधावे लागते, हे त्या काळी ओळखलेले होते.

आता मूळ कथेकडे वळू. विनयातील कथा मराठीत वाचू इच्छिणाऱ्यांनी धर्मानंद कोसंबी यांचा 'बौद्ध संघाचा परिचय' पाहावा. येथे आम्ही ती आमच्या शब्दांत सांगत आहोत.

कोसल देशात काही भिक्खूंनी एका विहारात वर्षावास धरला. ते एकमेकांचे परिचित होते, स्नेही होते. त्यांनी विचार केला : तीन महिने भांडणतंटा न होता, सुखाने कसे राहता येईल? उपाय त्यांना सोपा वाटला. कोणी कोणाशी बोलायचेच नाही. मग कामांची वाटणी ठरली. भिक्षेहून जो आधी परतेल त्याने आसने मांडावीत, पाय धुण्याचे पाणी ठेवावे, खरकट्याचे भांडे धुऊन ठेवावे, पिण्याचे व वापरायचे पाणी भरून ठेवावे. जो शेवटी येईल त्याने उरलेले अन्न हवे असल्यास खावे, नसल्यास जेथे गवत नाही तेथे किंवा जीवजंतू नसलेल्या पाण्यात टाकावे, आसने उचलावीत, भोजनशाळा झाडावी. पाण्याचा घडा रिकामा दिसला तर ज्याला दिसेल त्याने भरावा. एकट्याला उचलवत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवावे, पण त्यासाठी तोंड उघडू नये.

तीन महिने तसेच गेले. भांडण झाले नाही, घडा रिकामा राहिला नाही, झाडलोट चुकली नाही. वर्षावास संपल्यावर ते श्रावस्तीला जेतवनात भगवंतांच्या दर्शनास गेले. भगवंतांनी कुशल विचारले, एकोप्याने राहिलात का असे विचारले. त्यांनी मोठ्या समाधानाने सर्व व्यवस्था सांगितली.

येथपर्यंत वाचून आम्हांला वाटले की आता प्रशंसा होणार. आमच्या वसतिगृहाची वार्षिक तपासणी जर त्या विहारात झाली असती तर पैकीच्या पैकी गुण पडले असते. परंतु भगवंतांनी त्यांची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. हे लोक दुःखात राहिले आणि सुखाने राहिलो म्हणून सांगतात. हे जनावरांसारखे, मेंढरांसारखे राहिले, असा त्या शब्दांचा आशय आहे. मेंढरेही एका वाड्यात दाटीने राहतात, भांडत नाहीत आणि एकमेकांना काही सांगतही नाहीत. अन्य पंथांचे लोक पाळतात ते मूकव्रत भिक्खूंनी धरायचे नाही, असा नियम तेथे झाला. त्याच प्रसंगी पवारणेची अनुज्ञा दिली गेली : वर्षावास संपताना प्रत्येकाने इतरांना विनंती करावी की माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तुम्हांला तशी शंका आली असेल, तर ते मला सांगा. पालीत यासाठी तीन शब्द आहेत : दिट्ठ, सुत आणि परिसंका.

वर्गात हा भाग वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि आपण बोलत नाही आहोत हे लक्षात येऊन मग हसू फुटले.

कारण आमची व्यवस्था त्या कोसलच्या विहाराहून वेगळी कोठे आहे? पहाटे साडेपाचला घंटा होते. एक गट पाण्याच्या टाकीचा, एक मेसचा, एक व्हरांड्याचा. शेवटी जेवणाऱ्या गटाने बाके पुसायची, सतरंज्या झटकून गुंडाळायच्या. पिंपातले पाणी संपलेले ज्याला दिसेल त्याने भरायचे, हा नियम तर भिंतीवरच लिहिला आहे. गृहपती सरांनी तो महावग्गातून घेतला की काय, असे आमच्यातील एकाने विचारले. त्यांनी तो आपल्या वडिलांकडून घेतला होता. ही व्यवस्था आम्ही उत्तम पाळली. आमच्या वर्गाला स्वच्छतेची ढाल तीनदा मिळाली. म्हणून प्रश्न बोचला की घडे भरण्यात आणि झाडलोटीत दोष नव्हता, तर मग दोष कशात होता?

याचे उत्तर आम्हांला दुसऱ्या एका कथेत सापडले, आणि या अभ्यासात आमचे स्वतःचे असे काही असेल तर ते हे दोन कथा शेजारी ठेवणे एवढेच. मज्झिमनिकायातील चूळगोसिंग सुत्तात अनुरुद्ध, नंदिय आणि किम्बिल हे तिघे शालवनात राहतात. भगवंत त्यांना भेटायला जातात आणि तोच प्रश्न विचारतात. हे तिघेही जवळपास तेच सांगतात : आधी येणारा आसने मांडतो, शेवटी येणारा झाडतो, रिकामा घडा दिसेल तो भरतो, न पेलल्यास हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावतो आणि त्यासाठी मौन मोडत नाही. घडे तेच, खुणा त्याच, मौनही तेच. पण या तिघांना भगवंत धन्यवाद देतात.

आम्ही दोन्ही उतारे फळ्यावर शेजारीशेजारी लिहून काढले. तिघांच्या सांगण्यात दोन गोष्टी अधिक निघाल्या. आपले मन बाजूला ठेवून दुसऱ्याच्या मनाप्रमाणे वागावे, असे त्यांतील प्रत्येक जण म्हणतो. एकांतातही आणि समोरही मैत्रीने वागतो, असे म्हणतो. आणि दर पाचव्या दिवशी ते सारी रात्र धम्मचर्चेत एकत्र बसतात. चार दिवसांचे मौन आणि पाचव्या रात्रीचे बोलणे. कोसलच्या भिक्खूंच्या नव्वद दिवसांत पाचवी रात्र एकदाही आली नाही. त्यांचे मौन साधनेसाठी नव्हते, कटकट टाळण्यासाठी होते. अनुरुद्धाच्या मौनात मैत्री आहे आणि त्यांच्या मौनात भीती आहे, असे आम्ही वहीत लिहिले. बाईंनी 'भीती' या शब्दाखाली रेघ ओढली आणि कशाची, असे विचारले.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी पवारणेच्या नियमांविषयी सांगितले पाहिजे, कारण उत्तर आम्हांला त्या नियमांतूनच सुचले. नियम वाचताना कंटाळा येईल असे वाटले होते, पण तसे झाले नाही. प्रत्येक नियमामागे कोणीतरी माणूस उभा आहे.

पवारणा थेरांपासून, म्हणजे ज्येष्ठांपासून सुरू होते. सर्वांत वडील भिक्खू उत्तरीय एका खांद्यावर घेऊन, उकिडवे बसून, हात जोडून संघाला प्रथम विनंती करतो. आपल्याकडे दोष सांगण्याची सभा भरली की बहुधा धाकट्यापासून सुरुवात होते. येथे नेमके उलट आहे. पुढे असे झाले की थेर उकिडवे बसलेले असताना काही भिक्खू आसनांवर आरामात बसून राहिले, तेव्हा सर्वांनी उकिडवे बसावे असा नियम झाला. मग एक वृद्ध, दुर्बल भिक्खू सर्वांची पवारणा संपेपर्यंत तसाच बसला आणि चक्कर येऊन पडला. तेव्हा स्वतःची पवारणा होईपर्यंत उकिडवे बसावे आणि मग आसनावर बसावे, अशी सूट दिली गेली. विनंती तीनदा उच्चारायची असते. पण पावसाचे मोठे ढग भरून आले आणि डोक्यावर पुरेसे छप्पर नसले, तर एकदा उच्चारूनही चालते. संघाची पवारणा व्हायला निदान पाच जण लागतात. चार, तीन किंवा दोन असतील तर त्यांनी आपापसांत करावी, आणि एकटाच असेल तर त्याने इतरांची वाट पाहावी आणि कोणी आलेच नाही तर मनोमन संकल्प करावा.

आमच्यासाठी महत्त्वाचा निघाला तो आजारी भिक्खूविषयीचा नियम. जो येऊ शकत नाही त्याने आपली पवारणा दुसऱ्याच्या हाती पाठवावी. तेही होत नसेल तर त्याला मंचकासह उचलून संघाच्या मध्ये आणावे. उचलल्याने त्याचे दुखणे वाढेल असे वाटले तर संघाने उठून तो आहे तेथे जावे आणि पवारणा तेथे करावी. काही झाले तरी अपुऱ्या संघाने पवारणा करू नये.

हे कर्म भिक्खुसंघाचे आहे, शाळकरी मुलांचे नाही, याची आम्हांला जाणीव आहे. आम्ही पवारणा 'केली' असे म्हणणार नाही. तिच्यातला प्रश्न तेवढा उसना घेतला.

आश्विन पौर्णिमेनंतरच्या रविवारी सायंकाळी सभागृहात आम्ही चौतीस जण गोल करून बसलो. मुलींचे वसतिगृह वेगळे असल्यामुळे एवढा वेळ एकत्र बसण्याचा प्रसंग पहिलाच होता. गृहपती सर आणि बाई प्रथम बोलले, थेरांचा नियम म्हणून. त्या दोघांना आम्ही काय सांगितले ते येथे लिहीत नाही. त्यांनी ते ऐकून घेतले. नंतर आमची पाळी. पहिला तास किरकोळ गोष्टींत गेला. कोणी कोणाचा साबण वापरला, कोणी गृहपाठ उतरवून घेतला, कबड्डीच्या संघातून कोणाला कसे वगळले. हसणे, थोडे रडणे. सभा छान चालली आहे असे वाटू लागले असतानाच मागे बसलेल्या एकाने विचारले, "आपण चौतीस आहोत. अपुऱ्या संघाने करू नये असे लिहिले आहे ना?"

सभागृह शांत झाले. तो कोणाविषयी बोलतो आहे हे सर्वांना कळले होते.

पाचवीत आम्ही पस्तीस होतो. आठवीच्या श्रावणात आमच्यातील एकाचे मनगटी घड्याळ हरवले, मामाने दिलेले. खोलीत शोधाशोध झाली, मिळाले नाही. दाराजवळच्या जागेवर झोपणाऱ्या एका मुलावर संशय गेला. का गेला याचे उत्तर आज कोणाजवळ नाही. त्याच्याकडे घड्याळ नव्हते, इतकेच असेल. त्याला कोणी चोर म्हटले नाही. गृहपतींकडे तक्रार केली नाही. भांडण झाले नाही. फक्त त्याच्या शेजारच्या दोघांनी आपल्या सतरंज्या दोन वीत सरकवल्या, जेवताना त्याच्या बाजूची जागा रिकामी राहू लागली आणि तो खोलीत आला की आम्ही पेट्यांना कुलपे लावू लागलो. तो आपले काम चोख करीत राहिला; पिंप रिकामे दिसले की भरत असे. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला तो परत आला नाही. त्याच्या वडिलांना कंपनीत ब्रेक दिला होता, अशी बातमी आली आणि आम्ही सर्वांनी ते कारण चटकन उचलून धरले.

पुढच्या मे महिन्यात रंगकामासाठी पेट्यांची लोखंडी मांडणी हलवली, तेव्हा भिंत आणि मांडणी यांच्या फटीत ते घड्याळ निघाले. ज्यांच्या हाती लागले त्यांनी मालकाला दिले. मालकाने ते पेटीच्या तळाशी ठेवले आणि पुन्हा हातात घातले नाही. त्यावरही कोणी काही बोलले नाही. दीड वर्ष गेले. त्या दीड वर्षात स्वच्छतेची तिसरी ढाल मिळाली.

त्या सायंकाळी ते तीन पाली शब्द आमच्यात कसे वाटले गेले होते ते उघड झाले. काहींनी पाहिले होते, सतरंजी सरकवताना आणि पुढे घड्याळ सापडताना. मुलींनी ऐकले होते. त्यांच्या वसतिगृहात तो 'घड्याळवाला' म्हणून ओळखला जात असे. उरलेल्या सर्वांनी शंका धरली होती. परिसंका हा शब्द पवारणेच्या विनंतीत का घातला असावा, याविषयी वाचताना आमचे एकमत होत नव्हते. पुराव्यावाचून शंका तोंडावर बोलून दाखवणे हा अन्याय नाही का, असे निम्म्या वर्गाचे म्हणणे होते. आता कळले. तोंडावर बोललेल्या शंकेला माणूस उत्तर देऊ शकतो. मी घेतले नाही, माझी पेटी पाहा, म्हणू शकतो. सतरंजीच्या दोन वीत अंतराला त्याने काय उत्तर द्यायचे? बाईंनी 'भीती' या शब्दाखाली ओढलेल्या रेघेचे उत्तरही येथेच होते. त्याला विचारले आणि तो निर्दोष निघाला तर आपण चुकलो असे ठरेल, ही ती भीती होती.

या लेखाचा एक भाग आधीच लिहून झाला होता. तो आम्ही काढून टाकणार होतो, पण ठेवला आहे. त्यात आपल्या इतिहासातील विद्यार्थ्यांनी मागे वळून कसे पाहिले ते मांडले होते. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ताबाईचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. आमच्या वर्गातील मुलींहून ती वर्षभराने लहान होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये दाखल झाले. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ते १९०७ मध्ये मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. शाळा संपवणाऱ्या मुलाला मिळालेली याहून मोठी भेट आमच्या माहितीत नाही. परंतु बाबासाहेबांनी स्वतः शाळेकडे मागे वळून पाहिले तेव्हा सत्काराचे लिहिले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केलेल्या आठवणींत ते साताऱ्याच्या वर्गातील गोणपाटाविषयी सांगतात. ते वेगळे अंथरायचे, सायंकाळी घरी न्यायचे, सकाळी परत आणायचे. शिपायाने नळ उघडला तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. राग न दाखवता, पाहिलेले तसे मांडले आहे.

हा भाग आम्ही प्रथम लिहिला तेव्हा मोठ्या अभिमानाने लिहिला होता. गोणपाटावर बसवलेल्यांचे आपण वारस, हे वाक्यही त्यात होते. त्या रविवारनंतर ते वाक्य आम्ही खोडले. सरकवलेल्या सतरंजीची आणि त्या गोणपाटाची बरोबरी करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एकामागे हजारो वर्षांची व्यवस्था होती आणि दुसऱ्यामागे आठवीतल्या मुलांचा भित्रेपणा. तरीही दोन्ही ठिकाणी जमिनीवर एक अंतर आखलेले होते, आणि दुसऱ्या ठिकाणी ते आखणारे आम्ही होतो. मुक्ताबाईने आणि बाबासाहेबांनी सोसणाऱ्याच्या जागेवरून साक्ष दिली. पवारणा ज्याच्याकडून चुकले असेल त्याला बोलायला लावते. या दुसऱ्या जागेची आपल्या समाजाला सवय कमी आहे असे आम्हांला वाटते. वडीलधाऱ्यांना हे वाक्य रुचले नाही तर त्यांनी ते आम्हांला सांगावे.

संघाने तो आहे तेथे जावे, हा नियम समोर होता. पत्ता मिळवायला आठवडा लागला. एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांना तो ठाऊक होता. कुटुंब गावी परत गेलेले नव्हते, चाकणजवळ म्हाळुंग्याला एका चाळीत राहत होते. चौतीस जणांनी जाणे शक्य नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत घड्याळाचा मालक, सतरंज्या सरकवणारे दोघे आणि मुलींपैकी दोघी असे पाच जण गेले, बरोबर गृहपती सर. पाच ही संख्या आम्ही मुद्दाम धरली होती.

त्याच्या आईने चहा केला. तो उंच झाला आहे. तेथल्याच शाळेत दहावीला आहे आणि मार्चमध्ये आमच्याबरोबर तीच बोर्डाची परीक्षा देणार आहे. आम्ही ठरवून गेलेले सर्व बोलणे विसरलो. मग घड्याळाच्या मालकाने घड्याळ कोठे सापडले, कधी सापडले आणि त्यानंतर किती दिवस आपण गप्प राहिलो, हे क्रमाने सांगितले. मुलींनी 'घड्याळवाला' हे नाव सांगितले. ते त्याला ठाऊक नव्हते, आणि ते ऐकून त्याचा चेहरा उतरला. हे सांगायला नको होते असे परतताना बसमध्ये एकीला वाटत होते, दुसरीला वाटत नव्हते. त्यांचा वाद अजून मिटलेला नाही. शेवटी आम्ही त्याला विचारले, आमचे काय काय चुकलेले तुला दिसले, ते सांग. तो म्हणाला, सांगण्यासारखे आता काही राहिले नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मी तेव्हा तुम्हांला विचारणार होतो, काय झालं म्हणून. रोज रात्री ठरवायचो." मग विचारले, "घड्याळ चालतंय का अजून?"

सेल बदलल्यापासून चालते आहे.

तो परत येणार नाही, आणि ते योग्यच आहे. दहावीच्या मध्यात शाळा बदलत नाहीत. निरोप समारंभाला ये म्हटले तर पाहतो म्हणाला. या स्मरणिकेत आमच्या वर्गाचे पाचवीतले छायाचित्र छापले आहे. त्याखाली चौतीसच नावे द्यावीत की पस्तीस, हे आम्ही त्याला विचारले होते, कारण त्याच्याविषयी इतके लिहिल्यावर नाव देणे त्याला आवडेल की नाही, हे त्यानेच ठरवायचे होते. लेखात नाव नको, छायाचित्राखाली असू द्या, असे त्याने कळवले. त्याप्रमाणे पस्तीस नावे दिली आहेत.